औषधदानाच्या घरातील शास्त्रदान

आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार जैन परंपरेने सांगितले आहेत. एखाद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकाच दानाची रीत चालत आलेली असावी आणि मुलाने निराळीच वाट धरावी, तर घराण्याचा वारसा तुटला असे म्हणावे काय? पोर्तुगालचे मुद्राचित्रकार बार्तोलोमेउ दोस सांतोस यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १९३१ मध्ये लिस्बन येथे झाला. आजोबा रेनाल्दो दोस सांतोस हे थोर शस्त्रवैद्य. क्ष-किरणांच्या साहाय्याने महाधमनीचे चित्र घेण्याची पद्धत त्यांनी १९२९ मध्ये सिद्ध केली. वडील जुआंव यांनी १९४६ मध्ये तुंबलेली रक्तवाहिनी उघडून आतील अडथळा काढण्याची शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. अशा घरातील मुलाने दवाखान्याऐवजी कलाशाळेची पायरी चढली.

लिस्बनमधील शिक्षण संपवून ते १९५६ मध्ये लंडनच्या स्लेड कलाशाळेत दाखल झाले. तेथे अँथनी ग्रॉस यांच्यापाशी त्यांनी एचिंगची साधना केली. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, सुईने त्यात रेषा काढायच्या, मग पत्रा आम्लात ठेवायचा. जेथे लेप निघाला तेवढेच तांबे आम्ल खाते. त्या खाचांत शाई भरून ओलसर कागद दाबला की चित्र उमटते. आम्लात पत्रा गरजेपेक्षा फार वेळ राहिला तर रेषा बिघडते. म्हणून या कलेत हाताइतकाच संयमही लागतो.

१९६१ मध्ये त्याच शाळेत ते शिक्षक झाले आणि १९९६ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, तेथे शिकवीत राहिले. स्वतःची चित्रे काढीत असतानाच त्यांनी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना हे तंत्र दिले. मायदेशात तेव्हा हुकूमशाही होती. ती १९७४ मध्ये संपली. लंडनमध्ये राहूनही त्यांच्या चित्रांतून पोर्तुगालची जहाजे, सागरी सफरी आणि कवी पेसोआ यांचे विश्व पुन्हा पुन्हा येत राहिले. दक्षिण पोर्तुगालमधील ताविरा गावी त्यांनी कार्यशाळाही ठेवली होती.

लिस्बनच्या एन्त्रेकांपोस भुयारी रेल्वे स्थानकाच्या भिंतींवर त्यांनी हीच आम्लाची विद्या दगडावर योजली. १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या या कामाचा विषय आहे ग्रंथ. राष्ट्रीय ग्रंथालय तेथून जवळच आहे. रोज घाईने जाणाऱ्या प्रवाशांसमोर ग्रंथांची ती पूजा दगडात कोरलेली आहे. २००८ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

शस्त्रवैद्य असलेल्या आजोबांनी पोर्तुगीज कलेच्या इतिहासावर ग्रंथही लिहिले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे नातवाची वाट तितकीशी परकी वाटत नाही. स्थिर हात, कामावरील निष्ठा आणि मिळालेली विद्या दुसऱ्यास देण्याची वृत्ती या गोष्टी घरातूनच आल्या. बदलले ते केवळ दानाचे रूप. पेढीवर बसण्याऐवजी दुसरे काही शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या वडीलधाऱ्यांनी वारसा मोजताना गादीवर कोण बसले एवढेच पाहू नये. घरातील कोणता गुण पुढे चालला, हेही पाहावे.