ब्लँकेटं वाटून झाली, पुढे काय?

कॅनडातल्या क्लायंटबरोबर काम करणाऱ्या मंडळींना ३० सप्टेंबर ही तारीख माहीत असेल. त्या दिवशी तिकडचे बरेच लोक नारिंगी शर्ट घालून कॉलवर येतात. आमच्या टीममध्ये कुणीतरी विचारलंसुद्धा, "आज काय, हॉलंडची मॅच आहे का?" :-)

मॅच नव्हती. कॅनडात शंभराहून जास्त वर्षं आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांमध्ये ठेवलं गेलं. त्याची आठवण म्हणून हा दिवस. २०१५ साली त्यांच्या सत्य आणि समेट आयोगानं ९४ शिफारशी केल्या. त्यातली ९२ वी थेट कंपन्यांसाठी आहे. आदिवासींच्या जमिनीवर प्रकल्प आणण्याआधी त्यांची संमती घ्या, नोकऱ्यांमध्ये त्यांना न्याय्य संधी द्या आणि आपल्या मॅनेजरांना हा सगळा इतिहास शिकवा. पैसे वाटा, असं त्यात पहिलं नाही बरं का!

मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला. त्यामुळे हे वाचताना डोळ्यासमोर आले ते आमच्याकडचे फासेपारधी. माळावर फास लावून तितर, लाव्हे धरणारी जमात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यात नोंद झालेल्या जमातीत जन्माला येणं हाच गुन्हा. हजेरी द्यायची, परगावी जायला पास घ्यायचा. १८९७ च्या दुरुस्तीनं तर चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी काढायची सोय केली. म्हणजे कॅनडाला नावं ठेवण्याआधी आपण आपला इतिहास उघडून बघायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. मग १९५९ साली आपल्या राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली. ती व्हायलाच हवी होती, पण ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांनी पुढे काय करायचं, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं. आणि संशय? तो कुठल्याच कायद्यानं रद्द झाला नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या बेड्यावर, हे आमच्या भागात कुणालाही विचारा.

आता आपल्या कंपन्यांकडे येऊ. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले. त्याच कायद्यात, कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्या, असंही आहे. आता वाशीमला कुठली आलीये टेक्नॉलॉजी पार्क? २०१८ साली केंद्रानं देशभरातले मागे राहिलेले 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यात महाराष्ट्रातल्या चारांमध्ये वाशीम होता. पण आयटीचं कॅम्पस हिंजवडीत, म्हणून आयटीचा पैसाही साधारण तिथेच घुटमळतो.

आणि चुकून पोचलाच तर कसा पोचतो? एक बस, चाळीस व्हॉलंटियर, कंपनीचा लोगो असलेले टी-शर्ट, ब्लँकेटं, वह्या, ग्रुप फोटो. संध्याकाळी परत. "काहीच न करण्यापेक्षा हे बरं ना?" असं मित्र म्हणतात. बरं आहेच. थंडीत ब्लँकेट उपयोगाला येतं, मी नाकारत नाही. पण दान आणि समेट यात फरक आहे. दानात देणारा कुठेच बदलत नाही. समेटात त्याला स्वतःची पद्धत बदलावी लागते.

नुसती कागदोपत्री बांधिलकी किती कामाची, हे २०२० सालाच्या दोन घटनांत दिसलं. ऑस्ट्रेलियात २००६ पासून कंपन्या 'समेट कृती आराखडे' करतात. रिओ टिंटो या खाण कंपनीचा आराखडा वरच्या दर्जाचा होता. त्याच कंपनीनं त्या मे महिन्यात जुकन गॉर्जमधल्या, जिथे ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसाच्या वावराच्या खुणा होत्या अशा गुहा सुरुंगानं उडवल्या. रीतसर परवानगी घेऊन! इकडे, आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' ही आश्रमशाळा उभी केली आहे. समृद्धी महामार्गासाठी त्याच वर्षी त्या शाळेच्या काही बांधकामांवर बुलडोझर चालला. आज तोच महामार्ग वाशीम जिल्ह्यातूनही जातो आणि आम्हाला गावी पोचायला कमी वेळ लागतो. म्हणजे फायदा घेणाऱ्यांत मीही आलो, तुम्हीही आलात.

मग आपण करायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात.

एक. पैसा इमारतीपेक्षा माणसांच्या पगारावर लावा, आणि सलग लावा. नियमांप्रमाणे सुरू झालेला प्रकल्प पहिलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन माळरानं राखायचं काम करते. तणमोरासारखा दुर्मिळ पक्षी कुठल्या गवतात बसतो, हे पारध्याइतकं कुणाला कळणार? हे ज्ञान आहे, आणि ज्ञानाचा पगार असतो. आपण नाही का घेत?

दोन. आपलं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन तपासा. संशयावरून उचललेल्या पोरावर एकदा एफआयआर झाला की तो पुढची कित्येक वर्षं रिपोर्टमध्ये लाल रंगात दिसणार. गुन्हा सिद्ध होणं आणि नाव गोवलं जाणं यात फरक न करणारी एचआर पॉलिसी म्हणजे १८७१ चा कायदाच, फक्त एक्सेल शीटमध्ये. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं. पोलिसांना जे सांगावं लागलं, ते सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगच्या भरतीत आपल्या कंपन्यांना कुणी सांगायचं? आपणच ना? ही सुधारणा करायला दोन टक्क्यांतला एक पैसाही लागत नाही.

तीन. बस भरून बेड्यावर जायच्या आधी तिथल्या चार लोकांना ऑफिसात बोलवा. काय हवंय ते त्यांना विचारा. कदाचित ते म्हणतील, वह्या पुरे झाल्या, जातीचा दाखला काढायला कुणीतरी तहसीलमध्ये बरोबर चला. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, पण जुने कागदच नसतील तर तो दाखला मिळवणार कसा? आणि दाखला नसेल तर सवलत फक्त गॅझेटमध्ये.

३१ ऑगस्टला विमुक्त दिन असतो. आपल्या ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये हॅलोविन आहे, हा दिवस नाही. तो यावा असं मला वाटतं. पण त्या दिवशी केक कापण्याऐवजी एचआरला एकच प्रश्न विचारावा: नुसत्या एफआयआरवरून गेल्या वर्षी आपण किती जणांना नाकारलं? आकडा सांगावा लागला, की खरी चर्चा सुरू होईल.