शब्दओळख : बॉयकॉट

‘पोरांनी परीक्षेवर बॉयकॉट टाकला’, ‘त्या दुकानाला बॉयकॉट करा’ असे आपण सहज बोलतो. पण बॉयकॉट हे मुळात एका माणसाचे आडनाव, हे पुष्कळांना ठाऊक नसते. (क्रिकेटवाला बॉयकॉट वेगळा!)

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. आपल्या खोताचा दिवाणजी म्हणा ना. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली, तर याने त्यांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा काढल्या. कुळांनी हाणामारी केली नाही. गडी काम सोडून गेले, धोबीण कपडे घेईना, लोहार नाल ठोकीना, दुकानदार जिन्नस देईना, टपाल आणणारा पोरगाही बंद झाला. पीक काढायला बाहेरून पन्नासेक मजूर आणले, त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई! शेवटी डिसेंबरात कॅप्टनने गाशा गुंडाळला. इंग्रजीत यासाठी ‘ऑस्ट्रसाइज’ हा शब्द होता. तो शेतकऱ्यांना जड जाईल म्हणून तिथल्या फादर ओमॅली या पाद्र्याने ‘बॉयकॉट’ सुचवला, असे रेडपाथ नावाच्या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवले आहे.

मराठीत आपण याला बहिष्कार म्हणतो. अर्थ तोच, पण दिशा पाहा. तिकडे गरिबांनी मिळून एका बलवंताला टाकले; इकडे सगळा गाव मिळून आपल्या पाच-दहा घरांना वाळीत टाकतो. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब होते. वाटा अडवणे, वाण्याने माल न विकणे हे प्रकार त्या समितीने अहवालात नोंदवले. पुढे गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी केली आणि ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा दाखला दिला.

आज दोन कायदे आहेत, त्यांची गल्लत होते. आपल्याच जातीच्या पंचायतीने वाळीत टाकले, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार कायदा. गावातल्या सवर्णांनी अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना टाकले, तर अॅट्रॉसिटी कायदा; त्यात २०१६ पासून सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट गुन्हा आहे, नुसती धमकीही गुन्हाच. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर-कातकरी बांधवांनाही तो लागू आहे. तक्रारीत नुसते ‘बहिष्कार टाकला’ असे लिहू नका. पाणी, किराणा, दळण, मजुरी, यांपैकी काय, कोणी, कोणत्या तारखेपासून बंद केले, ते नावानिशी लिहा आणि पोहोच घ्या.