माध्यमाचा वाद आणि अनुदानाचा हिशेब

कोजागरीच्या कार्यक्रमानंतर मसाला दूध घेत आम्ही पाच-सहा जण उभे होतो. विषय नेहमीप्रमाणे मराठी शाळांवर आला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "सरकारने इंग्रजी शाळांचे अनुदान आज बंद करावे, उद्या आपल्या शाळा भरतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी परतताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. बँकेत सदतीस वर्षे काढल्यामुळे एक खोड लागली आहे. कोणी "अमुक केले की तमुक होईल" असे म्हटले, की मागची खाती उघडून बघावीशी वाटतात. गोव्यात हा प्रयोग एकदा झालेला आहे आणि त्याचा निकालही आपल्यासमोर आहे.

तरुण वाचकांसाठी मागचे थोडक्यात सांगतो. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. त्यातल्या बहुसंख्य मराठी होत्या. चर्चशी संबंधित संस्थांच्या प्राथमिक शाळा इंग्रजी माध्यमाच्या होत्या आणि त्यांना सरकारी अनुदान मिळत असे. 1990 साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना धोरण बदलले. प्राथमिक स्तरावर अनुदान हवे असेल तर माध्यम मराठी किंवा कोंकणी असावे, असे ठरले. डायोसेसन सोसायटीच्या शाळांनी कोंकणी माध्यम स्वीकारले आणि अनुदान टिकवले. ही व्यवस्था सुमारे वीस वर्षे चालली.

2011 मध्ये दिगंबर कामत यांच्या सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. मागणी पालकांची होती, त्यासाठी 'फोर्स' नावाची त्यांची संघटनाही उभी राहिली होती. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच स्थापन झाला. एरवी एकमेकांशी न बोलणारे मराठीवादी आणि कोंकणीवादी एका व्यासपीठावर बसले, हे त्या आंदोलनाचे वैशिष्ट्य. शशिकलाताई त्यात होत्या, सुभाष वेलिंगकर होते, आणि विरोधात असलेला भाजपही सोबत होता. 2012 च्या मार्चमध्ये सरकार बदलले, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले, आणि इंग्रजीकडे वळलेल्या अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचे अनुदान चालूच राहिले. पुढचे सगळ्यांना आठवत असेल. 2016 च्या ऑगस्टअखेर वेलिंगकरांना संघाच्या जबाबदारीतून मुक्त केले गेले, गोवा सुरक्षा मंच हा पक्ष निघाला, आणि 2017 च्या निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही. त्याचा मित्रपक्ष असलेला मगो निकालानंतर पर्रीकरांच्याच सरकारात जाऊन बसला.

राजकारणाचा हा भाग मी इथेच सोडतो. कोणी कोणाचा विश्वासघात केला यावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे. मला वेगळाच प्रश्न पडतो. 1990 ते 2011 या काळात इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान नव्हते. म्हणजे आमचे ज्येष्ठ सभासद सांगतात ती परिस्थिती प्रत्यक्षात होती. मग त्या वीस वर्षांत मराठी शाळा भरल्या का?

याचे उत्तर मला बाहेर शोधावे लागत नाही. 1993 साली मी माझ्या मुलाला इंग्रजी शाळेच्या केजीत घातले. शाळा विनाअनुदानित होती, फी त्या वेळच्या पगाराला जड होती, तरी घातले. त्याच सुमारास मी मराठीसाठीच्या निवेदनावर सह्या गोळा करत फिरत होतो. माझी बदलीची नोकरी, उद्या बेंगळुरूला किंवा अहमदाबादला टाकले तर मुलाचे काय, असे कारण मी सांगत असे. खरे म्हणजे माझ्या सगळ्या बदल्या गोव्यातच आणि फार तर कारवारपर्यंत झाल्या. अनुदान नसल्यामुळे मी थांबलो नाही. माझ्यासारखे पांढरपेशे कोणीच थांबले नाहीत. ज्यांना फी परवडत नव्हती तेवढेच थांबले, आणि 2011 मध्ये त्यांनी "तुमची मुले इंग्रजीत, आमची का नको" असे विचारले. त्या पालकांतले बरेच ख्रिस्ती होते म्हणून आपण त्याला धार्मिक रंग दिला. प्रश्न मात्र मला विचारण्यासारखाच होता.

मग अनुदान नेमके काय करते? अनुदान शाळेला मिळते. शिक्षकांचा पगार सरकार उचलते, शिवाय देखभालीसाठी काही रक्कम देते. त्यामुळे संस्था चालते आणि फी कमी राहते. पण मूल कुठल्या दारातून आत जाणार हे त्याआधीच ठरलेले असते. खाजगी संस्थेत केजी असते. मूल तीन-साडेतीन वर्षांचे असताना तिथे नाव घातले जाते, आणि पहिलीत तेच मूल त्याच आवारात पुढच्या वर्गात सरकते. सरकारी प्राथमिक शाळेचे दार आजवर पहिलीलाच उघडत आले. अंगणवाडी वेगळी, तिचे खाते वेगळे, बऱ्याचदा जागाही वेगळी. दोन वर्षे इंग्रजी बालगीते म्हणणाऱ्या मुलाला तिथून काढून मराठी पहिलीत आणणारा पालक विरळा. बँकेत आम्ही नवख्या अधिकाऱ्यांना सांगायचो, की पहिला पगार ज्या खात्यात जमा होतो तिथूनच पुढे गृहकर्जही घेतले जाते.

दुसरी गोष्ट वाहनाची. बालरथ योजनेत अनुदानित संस्थांना मुलांची ने-आण करण्यासाठी बस मिळाली. योजना चांगली, लांबच्या वाड्यांवरच्या मुलांची सोय झाली. पण आमच्या गावात तिचा परिणाम मी रोज सकाळी बघतो. सरकारी मराठी शाळेच्या फाटकासमोरच बस थांबते, मुले चढतात आणि चार किलोमीटरवरच्या शाळेत जातात. फाटकाच्या आत अकरा मुले आणि दोन शिक्षिका. त्या अकरांतली सात कर्नाटकातून आलेल्या मजुरांची. घरी कानडी किंवा लमाणी बोलणारी ही मुले मराठी धडा मोठ्याने वाचतात तेव्हा ऐकायला बरे वाटते, आणि थोडी लाजही वाटते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर आपण जवळजवळ बोलतच नाही. आपला सगळा वाद पहिली ते चौथीचा आहे. पाचवीपासून गोव्यातल्या हायस्कुलांत माध्यम इंग्रजी. मराठी प्राथमिक शाळेतून आलेले मूल चार वर्षे परिसर अभ्यास, गणित मराठीत शिकते आणि दहाव्या वर्षी एकाएकी सगळे इंग्रजीत ऐकू लागते. हुशार मूल वर्षभरात सावरते. मधले मूल मागच्या बाकावर जाते. पालक हे बघत असतात. पाचवीला जो खड्डा आहे तो टाळायचा तर पहिलीपासूनच इंग्रजी घ्यावे, असा त्यांचा साधा हिशेब. या हिशेबात मातृभाषेविषयी तिटकारा नाही. पुढचा रस्ता इंग्रजीच आहे हे सरकारनेच ठरवून ठेवले आहे, तेव्हा पालकाने दुसरे काय करावे?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, घरच्या भाषेत किंवा मातृभाषेत शिकवावे असे म्हटले आहे. हे वाक्य आपण भाषणात नेहमी उद्धृत करतो. पण "किमान पाचवी" यातली पाचवी गोव्यात कुठे भरते? हायस्कुलात, इंग्रजीत. धोरणाचे हे वाक्य मनापासून घ्यायचे तर अनुदानाच्या आधी हायस्कुलातल्या पाचवी ते सातवीकडे बघावे लागेल. मराठी आंदोलनाच्या मागण्यांत ही मागणी पुढे आली नाही, कारण त्या हायस्कुलांतली अनेक आपल्याच लोकांच्या संस्थांची आहेत.

सक्तीचा मार्गही फारसा मोकळा राहिलेला नाही. कर्नाटकाने 1994 साली पहिली ते चौथीसाठी मातृभाषेचे माध्यम सक्तीचे केले होते. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 6 मे 2014 रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, की प्राथमिक स्तरावरही राज्याला मातृभाषा लादता येणार नाही. निवड पालकाची. अनुदान कोणत्या माध्यमाला द्यावे हा त्या खटल्यातला प्रश्न नव्हता, तेव्हा त्या बाबतीत सरकारला धोरण ठरवायला काही वाव आहे. पण ज्याला फी भरायची आहे त्याला कोणीच अडवू शकत नाही.

आता खर्चाकडे येतो, कारण पुढचा धोका तिथे आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. समजा एका शिक्षकाचा पगार 60,000 रुपये. दोघांचे 1,20,000. शाळेत चाळीस मुले असतील तर दर मुलामागे महिन्याला 3,000 रुपये पडतात, दहाच असतील तर 12,000. आकडे माझे, समजण्यापुरते घेतलेले, पण गणित हेच. पट घटला तरी खर्च तेवढाच राहतो. मग एखादा अधिकारी फाईलवर लिहितो, की ही शाळा परवडत नाही, जवळच्या शाळेत विलीन करावी. त्याचे गणित चुकत नाही, म्हणून त्याला उत्तर देणे अवघड जाते. बँकेत तोट्यातल्या ग्रामीण शाखा बंद करताना आम्हीही असेच टिपण लिहीत होतो. शाखा तोट्यात का गेली, हा रकाना त्या टिपणात नसायचा.

म्हणून मला वाटते, आपल्या मंडळाने पुढच्या निवेदनात इंग्रजीचे अनुदान बंद करा हे वाक्य पहिल्या क्रमांकावर ठेवू नये. ते मिळणार नाही, आणि मिळाले तरी 1990 नंतर जे झाले तेच होईल. त्याऐवजी सरकारी मराठी शाळेच्या आवारातच, त्याच शिक्षकांच्या देखरेखीखाली बालवाडी मागावी. बालरथ त्या शाळेच्या फाटकातही यावा. तालुक्यात निदान एका हायस्कुलात पाचवी ते सातवीला गणित, विज्ञान दोन्ही भाषांत शिकवण्याची तुकडी असावी, आणि ते हायस्कूल आपल्यापैकी कोणाच्या तरी संस्थेचे असावे. सरकारकडे मागण्याआधी हे शेवटचे आपल्याला करता येण्यासारखे आहे. काही संस्थाचालक सभासद हे वाचून नाराज होतील. त्यांनी पट कमी होण्याची भीती सांगितली तर ती मी ऐकून घेईन, कारण ती खोटी नाही.

या महिन्याच्या बैठकीत मी हा विषय ठेवला आहे. सचिवांनी फोनवर सुचवले, की सुरुवातीला सभासदांनी आपली मुले-नातवंडे मराठी प्राथमिक शाळेत असल्यास हात वर करावेत, म्हणजे चर्चेला चांगली सुरुवात होईल. माझी नात पर्वरीला असते, जूनमध्ये ती केजीत गेली. मी सचिवांना हो म्हणालो आहे. माझा हात खालीच असेल.