सुटका झाली, पण म्हाताऱ्यांना पोसायचे कोणी?

पेण व रोहे तालुक्यांतील कातकरी वाड्यांतून दिवाळी सरली म्हणजे बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. पावसाळ्यात घरी दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देतो. ती फेडण्यासाठी नवरा, बायको, पोरे आणि अंगात थोडी ताकद उरलेले म्हातारे असे सारे घर राबते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, तो मालकाच्या वहीत. कित्येकांच्या अंगावर बाकी निघते व पुढच्या साली तीच बाकी त्यांना भट्टीवर परत ओढून नेते. याचेच नाव वेठबिगारी.

ही वेठबिगारी कायद्याने ता. 25 ऑक्टोबर 1975 पासून बंद आहे. 1976 च्या कायद्याप्रमाणे असे कर्ज बुडीत झाले, ते वसूल करणे हा गुन्हा ठरला, आणि कर्ज बांधिलकीचे नाही हे शाबीत करण्याचा बोजा सावकारावर पडला. सुटलेल्या माणसाला पुन्हा उभे करण्यासाठी जिल्ह्याच्या व प्रांताच्या ठिकाणी दक्षता समित्याही सांगितल्या. कायदा चांगला आहे. परंतु सुटका झाली त्या दिवशी जो सत्तर वर्षांचा आहे, ज्याचे हातपाय विटा वाहून व कोळशाच्या धुरात गेले, त्याने खावे काय, याचे उत्तर त्यात धड सापडत नाही.

केंद्र सरकारच्या 2016 च्या योजनेत सुटलेल्या पुरुषास 1 लाख, स्त्रिया व मुलांस 2 लाख, आणि विशेष हालात सापडलेल्यांस 3 लाख रुपये ठरले आहेत. म्हाताऱ्यांचा निराळा विचार त्यात नाही. शिवाय पुरती रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली. तरणा माणूस निकालाची वाट पाहील; म्हाताऱ्याने किती पाहावी?

कोणी म्हणेल, श्रावणबाळ योजना आहे, 2023 पासून महिना 1,500 रुपये मिळतात. खरे आहे. पण त्यासाठी पासष्ट वर्षे पुरी झाल्याचा दाखला, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला व उत्पन्नाचा दाखला पाहिजे. ज्याचे अर्धे वर्ष परमुलखातील भट्टीवर गेले, ज्याचा जन्म कोणी लिहून ठेवला नाही, त्याने हे कागद आणावे कोठून?

जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केले. तेव्हा परदेशच्या गुलामांची हकीकत आम्हांस परकी नाही. इंग्रजांनी 1833 साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी मोडली, तेव्हा नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मालकांना दिले. गुलामांना दिडकीही नाही. सुटलेल्यांना आणखी काही वर्षे जुन्याच मालकाकडे उमेदवार म्हणून राबावे लागे. असल्या मालकधार्जिण्या कायद्यातही एक कलम होते. मालकाने उमेदवाराला मुदतीआधी आपण होऊन मोकळे केले आणि तो पन्नाशी उलटलेला किंवा आजाराने निकामी झालेला असला, तर उरलेल्या मुदतीपर्यंत त्याला पोसण्याचा भार मालकावरच राही. खाणारे तोंड टाळण्यासाठी मालक म्हाताऱ्यांना 'मुक्त' करून रस्त्यावर लोटतील, हे कायदा करणारांनी ओळखले होते. आमच्या 1976 च्या कायद्यात मालकाला शिक्षा आहे, पण असा पोसण्याचा भार त्याच्यावर नाही.

मग भार पडतो कोणावर? म्हाताऱ्याच्या मुलावर. त्याच्याजवळ जमीन नाही, रोजगार नाही. आईच्या औषधाला व बापाच्या भाकरीला तो पुन्हा मुकादमाची उचल घेतो. म्हणजे बापाची बेडी तुटली ती लेकाच्या पायात पडली. म्हाताऱ्यांची तजवीज न करता केलेली सुटका टिकत नाही ती यामुळे. सबब हा केवळ दयेचा प्रश्न नव्हे.

आता आपल्या घरची गोष्ट. शेतकरी बंधूंनो, याच जिल्ह्यात 1933 पासून सहा वर्षे चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली. खोती गेली. आज कित्येक भट्ट्यांचे मालक व मुकादम आपल्याच भाऊबंदांतले आहेत. खोताच्या वहीला आपल्या आज्यांनी खोटी म्हटले. मग कातकऱ्याच्या नावाची आपली वही खरी कशी? गावात वेठबिगार आहे हे ठाऊक असून जो गप्प बसतो, तो मालकाचाच साक्षीदार होय.

आमचे मागणे थोडे आहे. सुटकेचा दाखला देताना म्हाताऱ्यांची व पंगूंची निराळी यादी करावी, आणि तहसीलदाराने त्याच दिवशी वाडीवर बसून त्यांचे पेन्शनचे अर्ज भरून घ्यावे. कागद जमविण्याचे काम सरकारचे असावे. बुडविलेल्या मजुरीची वसुली मालकाकडून व्हावी व त्यातून म्हाताऱ्यांचा वाटा आधी चुकता व्हावा. आदिम जमात म्हणून कातकरी कुटुंबास अंत्योदयाचे दरमहा 35 किलो धान्य लागू आहे. ते प्रत्येक घराला मिळते की नाही, हे ग्रामसभेने शिधापत्रिका हातात घेऊन पाहावे. आणि जिच्यावर घर उभे राहील अशी दळीची किंवा वनहक्काची जमीन मुलाच्या नावे लवकर व्हावी.

ज्याने त्यांची उमेद खाल्ली त्याने आणि ज्याने ती खाऊ दिली त्या सरकारने त्यांचे म्हातारपण पोसावे. हा भार लेकरांच्या माथी मारू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.