टॅब्लेट, टोकन आणि असीलाची सही

ऑडिटचा हंगाम तोंडावर आला की ऑफिसातली जुनी यंत्रे डोळ्यांत खुपू लागतात. यंदा बडोद्यातल्या कारेलीबागेतील आमच्या कार्यालयात वाचकांकडून एकच विचारणा पुन्हा पुन्हा झाली. नवा लॅपटॉप घेण्याऐवजी कीबोर्ड जोडलेला टॅब्लेट घेतला, तर आपले रोजचे काम भागेल का? विचारणारे बहुतेक एकट्याने प्रॅक्टिस करणारे करसल्लागार आहेत, नाहीतर एक-दोन आर्टिकल हाताशी असलेले सीए. दोन्ही यंत्रे घेणे त्यांना जड जाते, म्हणून या प्रश्नाला मोघम उत्तर देऊन चालणार नाही.

आमचे उत्तर असे की, आपल्या व्यवसायात आज एकच यंत्र घ्यायचे असेल तर लॅपटॉपच घ्यावा. मात्र टॅब्लेटची ताकद कमी पडते, हे त्याचे कारण नाही. २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड लोकांपुढे आणला तो फोन आणि लॅपटॉप यांच्या मधले यंत्र म्हणून. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. मार्च २०२० मध्ये आयपॅडला माऊस आणि ट्रॅकपॅड नीट चालू लागले, २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्ये मॅकबुकचीच एम१ चिप बसली, आणि सॅमसंगच्या टॅबवर डेक्स लावले की खिडक्या लॅपटॉपसारख्याच उघडतात. आपल्या ऑफिसांतल्या कित्येक डेस्कटॉपपेक्षा आजचा चांगला टॅब्लेट चपळ आहे. घोडे अडते ते दुसरीकडे, आणि नेमके कुठे अडते ते आपणा सर्वांना ठाऊक असूनही आपण त्याबद्दल फारसे बोलत नाही.

आधी एन्ट्रीचे पाहू. मंगळ बाजारातल्या एखाद्या कापड दुकानाची महिनाभराची बिले घेऊन बसलेला मुरलेला अकाउंटंट कसा काम करतो ते जवळून पाहावे. नजर बिलांच्या गठ्ठ्यावर, उजवा हात नंबर पॅडवर, डावा फंक्शन कीजवर. एफ५ला पेमेंट, एफ६ला रिसीट, एफ७ला जर्नल, एफ८ला सेल्स, एफ९ला पर्चेस. रक्कम टाकली, कंट्रोल-ए दाबले, व्हाउचर सेव्ह. पडद्याकडे तो मधूनच पाहतो आणि माऊसला तर हातही लावत नाही. १९८६ साली गोयंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीने टॅली घडवली ती याच हातांसाठी. टॅब्लेटच्या बहुतेक कीबोर्डांना नंबर पॅड नसतो आणि अनेकांना फंक्शन कीजची ओळही नसते. २०२० साली आलेल्या आयपॅडच्या मॅजिक कीबोर्डालाही ती नव्हती. बोटाने पडद्यावर टिचक्या मारत दिवसाला दोन-तीनशे व्हाउचर होत नाहीत. शिवाय टॅलीप्राइम बसते ते विंडोजवर. टॅब्लेटवरून तिचे रिपोर्ट पाहता येतात, क्लाउडवरच्या टॅलीत शिरताही येते, पण तेव्हा खरे काम दूरवरचा विंडोज कॉम्प्युटर करत असतो आणि टॅब्लेट फक्त त्याचा पडदा होतो.

टीडीएसच्या विवरणपत्राचीही तीच तऱ्हा. ते तयार करणारी आरपीयू आणि तपासणारी एफव्हीयू, दोन्ही जावावर चालतात आणि त्यांना डेस्कटॉप लागतो. आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे घडवलेल्या, मॅक्रो भरलेल्या एक्सेलच्या फायली टॅब्लेटवर उघडतात खऱ्या, पण मॅक्रो चालत नाहीत. इथे सरफेस आरटीची आठवण ठेवायला हवी. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने हा टॅब्लेट आणला. नाव विंडोजचे आणि डेस्कटॉपही ओळखीचा, पण विंडोजवरची जुनी सॉफ्टवेअर त्यावर बसत नव्हती. लोकांनी पाठ फिरवली आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीला त्यापोटी ९० कोटी डॉलर नुकसानीत दाखवावे लागले. सॉफ्टवेअर चालत नसेल तर यंत्र कितीही देखणे असले तरी हिशेबनिसाला त्याचा उपयोग नाही.

तरीही ही अडचण हळूहळू सुटते आहे. प्राप्तिकराचे साधे विवरणपत्र ब्राउझरमध्ये भरून आधार ओटीपीने पडताळता येते, आणि पगारदार असीलाचे सगळे काम टॅब्लेटवर उरकता येते. यूडीआयएन काढायला तर फोनही पुरतो. जून २०२० पासून शून्य व्यवहाराचे जीएसटीचे ३बी विवरणपत्र १४४०९ वर एसएमएस पाठवून भरता येऊ लागले. त्याला ना टॅब्लेट लागतो, ना लॅपटॉप. जिथे सरकारने ओटीपी मान्य केला तिथे टॅब्लेट पुरेसा झाला आहे. जिथे डिजिटल सही मागितली जाते तिथे तो थांबतो.

ती सही राहते यूएसबी टोकनमध्ये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली परवाना मिळालेल्या संस्था ती देतात. भरूचच्या जीएनएफसी या खत कंपनीचा एन-कोड विभाग त्यांपैकीच एक. १ जानेवारी २०२१ पासून दुसऱ्या वर्गाची प्रमाणपत्रे बंद झाली आणि फक्त तिसरा वर्ग उरला. टोकन चालायला ड्रायव्हर लागतो आणि पोर्टलशी बोलायला एमसायनरसारखे छोटे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर बसवावे लागते. अँड्रॉइड टॅब किंवा आयपॅडवर ते बसत नाही. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर फॉर्म ब्राउझरमध्ये भरला, तरी पुढे पीडीएफ उतरवून त्यावर टोकनने सही करून ती पुन्हा चढवावी लागते. काही जण सुचवतात की टोकन ऑफिसातल्या पीसीला लावून ठेवावे आणि टॅब्लेटवरून रिमोट डेस्कटॉपने शिरावे. करून पाहिलेल्यांना ठाऊक आहे की त्या पीसीला लावलेले टोकन रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये दिसतच नाही. एनीडेस्कसारख्या मार्गाने ते दिसते, पण त्यासाठी सहीचे टोकन रात्रंदिवस रिकाम्या ऑफिसात लावून ठेवायचे, हे आम्हाला पटत नाही.

आणि ते टोकन मुळात कोणाचे? आपल्या व्यवसायातल्या बहुतेक ऑफिसांत एक ड्रॉवर असतो, त्यात असीलांची टोकने, प्रत्येकावर नावाची चिकटपट्टी. पासवर्ड एका वहीत, आणि पुष्कळांचा तर टोकनबरोबर आलेलाच, १ ते ८ असा सरळ. असील विश्वासाने देतो, आपण सोयीसाठी ठेवून घेतो आणि २० तारखेला एकामागून एक लावत जातो. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४२वे कलम सांगते की सहीच्या गुप्त किल्लीवर ताबा ठेवण्याची काळजी प्रमाणपत्रधारकाने स्वतः घ्यायची आहे. आपल्या ड्रॉवरमधून झालेली प्रत्येक सही कागदोपत्री त्या असील कंपनीच्या संचालकाची असते. त्याने आकडे पाहिलेले नसतात, आणि सही कधी झाली तेही अनेकदा त्याला ठाऊक नसते. उद्या नोटीस आली, वाद झाला, भागीदार वेगळे झाले, तर ही सही कोणी केली या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नाही. हा सारा व्यवसाय विश्वासावर उभा आहे, आणि म्हणूनच ही सवय आम्हाला घातक वाटते. असीलांची टोकने या हंगामाआधी परत करावीत, परत केल्याची पोच घ्यावी, आणि पासवर्ड बदलून घ्यायला त्यांना बसल्या जागी मदत करावी, अशी आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे.

याउलट एकट्या मालकाच्या धंद्यात ३बी विवरणपत्र ईव्हीसीने, म्हणजे ओटीपीने जाते. तिथे टॅब्लेट लॅपटॉपपेक्षाही चांगला ठरतो. रावपुऱ्यातल्या दुकानात गल्ल्यावर टॅब्लेट ठेवायचा आणि विवरणपत्राचा सारांश मालकाकडे वळवायचा. तो बोटाने पडदा सरकवत विक्रीचा आकडा पाहतो, क्रेडिटपाशी थांबतो. 'साहेब, गेल्या महिन्यापेक्षा हे कमी कसं?' आपण जीएसटीआर-२बीमध्ये न दिसणारी दोन बिले काढून दाखवतो. पुरवठादाराने ती भरलेलीच नाहीत, हे तिथेच उमगते आणि तिथूनच त्याला फोन जातो. मग ओटीपी त्याच्याच फोनवर येतो आणि तोच तो टाकतो. हे सगळे लॅपटॉपवर होत नाही असे नाही, पण लॅपटॉप आपल्याकडे तोंड करून उघडतो आणि असील समोर बसून वाट पाहत राहतो. ओटीपी फोनवर विचारून घेणारे आपल्यात आहेत, हेही आम्ही जाणतो. पण त्यातही दर वेळी असीलाला कळते की आज काहीतरी भरले जात आहे. टोकनात तेवढेही कळत नाही.

मग कंपन्यांनाच ओटीपीची ही सोय का नाही? कोरोनाच्या काळात ती होती. २१ एप्रिल २०२० पासून ३० सप्टेंबर २०२० पर्यंत कंपन्यांना ३बी विवरणपत्र ईव्हीसीने भरता आले, मे महिन्याच्या अखेरीपासून जीएसटीआर-१ सुद्धा. दुसऱ्या लाटेत, २७ एप्रिल २०२१ ते ३१ ऑक्टोबर २०२१ या काळात, दोन्हींना पुन्हा मुभा मिळाली. आपण सर्वांनी त्या महिन्यांत घरी बसून ही विवरणपत्रे भरली, संचालकांनी आपापल्या फोनवर ओटीपी घेतले आणि काम चालले. मुदत संपली, मुभा गेली, आणि टोकन पुन्हा लावावे लागले. ही मुभा कायमची करावी अशी मागणी आपल्या संघटनांनी जीएसटी परिषदेपुढे सातत्याने मांडायला हवी, असे आमचे ठाम मत आहे. ओटीपी पुरेसा भक्कम वाटत नसेल तर आधारावर आधारलेले ई-साइन आहेच. २०१५ पासून ते कायद्याने वैध आहे आणि त्याला यूएसबी लागत नाही. कर-लेखापरीक्षणाच्या अहवालावर सीएची टोकनची सही राहू द्यावी, ती जबाबदारी वेगळी आहे. पण मकरपुऱ्यातल्या एखाद्या खासगी मर्यादित कंपनीचे महिन्याचे विवरणपत्र आणि तो अहवाल एकाच मापाने मोजण्याचे कारण दिसत नाही.

मकरपुरा जीआयडीसीचे नाव निघाले म्हणून सांगतो. गोदामातल्या मालाच्या पडताळणीला टॅब्लेटइतके सोयीचे दुसरे काही नाही. रॅकसमोर उभे राहून मोजणी टाकायची, लेबलचा फोटो त्याच ओळीला जोडायचा, खराब मालाचाही काढायचा. पूर्वी हेच कागदावर लिहून संध्याकाळी पुन्हा एक्सेलमध्ये उतरवावे लागे आणि चुका तिथेच शिरत. नोटिशी वाचून त्यांवर पेनने खुणा करायलाही टॅब्लेटच बरा. ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ऑडिट ऐन भरात होते. तळमजल्यावर जमिनीलगत ठेवलेल्या सीपीयूंना पाण्याने गाठले. ज्यांचा डेटा क्लाउडवर होता त्यांनी टॅब्लेट आणि फोनवर का होईना, असीलांना उत्तरे दिली. त्यात श्रेय टॅब्लेटचे कमी आणि बॅकअपचे जास्त, पण दुसरा पडदा हाताशी असल्याचा उपयोग झाला.

आर्टिकल आणि ट्रेनी मुलांच्या बाबतीत आम्ही वेगळे सांगू. गुजरात सरकारने २०१७ साली महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना १००० रुपयांत सात इंची नमो टॅब्लेट द्यायला सुरुवात केली. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत आकाश टॅब्लेटचा गाजावाजा झाला होता. अभ्यासाचे व्हिडिओ आणि पुस्तके घरी पोचली, हे चांगलेच झाले, आणि घरात कॉम्प्युटर नसलेल्या मुलामुलींना त्याचे मोल मोठे होते. पण सयाजीराव विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेतून आपल्याकडे येणारी जी मुले फोन आणि टॅबवरच वाढली आहेत, त्यांना फाइल कुठे सेव्ह झाली हे शोधता येत नाही. फोल्डरमध्ये फोल्डर, फायलीला वर्षासह नाव, जेएसओएन आणि एक्सेल यांतला फरक, हे सगळे आपल्याला शिकवावे लागते. त्यांच्या बुद्धीत उणे काही नाही. त्यांच्या यंत्राने फायली कधी दाखवल्याच नाहीत. अशा मुलाला ऑफिसातही टॅब्लेटच दिला तर तो हे शिकणार कधी? त्याला नंबर पॅड असलेला साधा डेस्कटॉप द्यावा. तो स्वस्तही पडतो.

आता खरेदीचे. जुना लॅपटॉप अजून चालत असेल, तर त्यात एसएसडी आणि रॅम घालून त्याच्याकडून आणखी दोन हंगाम काढावेत आणि उरलेल्या पैशांत मध्यम किमतीचा टॅब्लेट घ्यावा. आमच्या मते बहुतेकांसाठी हाच मार्ग बरा. लॅपटॉप मोडीत निघाला असेल तर आधी लॅपटॉप, टॅब्लेट पुढच्या वर्षी. दोन्ही एकातच हवे असेल तर पूर्ण विंडोज असलेला, कीबोर्डपासून सुटणारा सरफेस प्रोसारखा टॅब्लेट घेता येतो. त्यावर टॅलीही चालते आणि टोकनही, मात्र यूएसबी-सीचा जोड सोबत बाळगावा लागतो. फक्त प्रोसेसर पाहून घ्यावा. स्नॅपड्रॅगनवर चालणारी विंडोज यंत्रे बॅटरीला उत्तम आहेत आणि त्यांच्यावर जुनी सॉफ्टवेअर अनुकरणाने चालतातही, पण ड्रायव्हरला ते अनुकरण लागू होत नाही. तो त्या प्रोसेसरसाठी वेगळा लिहिलेला असावा लागतो. टोकनचा किंवा ऑफिसातल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा तसा ड्रायव्हर नसेल तर यंत्र त्यांना ओळखणार नाही. दुकानात जाताना स्वतःचे टोकन खिशात न्यावे, विक्रेत्यासमोर ड्रायव्हर बसवून प्रमाणपत्र दिसते का ते पाहावे आणि मगच पैसे मोजावेत.