न आलेला पूर

"देवकुंडचे फोटो कुठेत?" सोमवारपासून ऑफिसात हा प्रश्न पाच वेळा ऐकला. फोटो नाहीत. आम्ही धबधब्याचा नुसता आवाज ऐकून परत आलो.

तर झालं असं. ऑक्टोबरचा पहिला शनिवार, पावसाळी बंदी उठलेली. आम्ही पाच जण पहाटे पुण्यातून निघालो, ताम्हिणी उतरून भिऱ्याला पोचलो आणि गावातले एक मामा वाटाडे म्हणून सोबत घेतले. आधी धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने, मग रानातून चाल. दोन्ही बाजूंचे काळे कडे हळूहळू जवळ येत जातात. शेवटचा ओढा ओलांडला की थोड्या अंतरावर कुंड. कुंडलिकेचा उगम इथलाच मानतात.

त्या ओढ्यापाशी मामा थांबले. "आता पुढं नको. माथ्यावर काळं झालंय."

आमच्या डोक्यावर चक्क ऊन होतं, आणि पाणी घोट्याएवढं. "मामा, दहा मिनिटं. फोटो काढतो नि येतो."

"ओढ्याला दहा मिनिटं लागत नाहीत. हवं तर पैसे अर्धेच द्या."

चरफडत मागे फिरलो. पुढे काय झालं? काहीच नाही! ओढा फुगल्याचं कानावर आलं नाही. आम्ही गावात पिठलं-भाकरी खाल्ली, चार थेंब पडले, संपलं. एक मित्र अजून म्हणतोय, मामाने गंडवलं.

मला मात्र वाटतं, मामा बरोबर होते. पूर आला नाही तरी बरोबर होते. सह्याद्रीचा हा कातळ पाणी फारसं जिरवत नाही, माथ्यावर पडलेला पाऊस थेट घळीत उतरतो. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिमी पाऊस झाला. पुण्यात अख्ख्या वर्षाला साधारण ७००-७५० मिमी पडतो! त्याच्या आदल्याच महिन्यात, ३० जूनला, लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढलं, एवढंच.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. रात्री सर्व्हर पडला आणि कुणी जागून उभा केला, तर सकाळी कौतुकाची मेल येते. ज्याने तो पडूच दिला नाही, त्याला विचारतात, तू नक्की करतोस काय?

बंदीचंही तसंच. भर पावसात ती हवीच, पण उठली की आपल्याला वाटतं धोकाही संपला. ऑक्टोबरातला ढग सरकारी आदेश वाचून येत नाही. तिथे खरी सुरक्षा म्हणजे "नको" म्हणणारा गावातला माणूस.

आणि आम्ही त्याला काय दिलं? अर्धे पैसे. पाच जण, पाचही पगारदार. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. घरी येताना गाडीत ते सलत राहिलं. "नको" म्हटल्यावर मामांचे निम्मे पैसे बुडणार असतील, तर घरात अडचण असेल त्या दिवशी ते ढग बघूनही "चला" म्हणतील. आणि तेव्हा दोष मामांचा नसेल.

म्हणून माझ्यापुरता नियम केलाय: वाटाड्याचे पूर्ण पैसे निघायच्या आधी द्यायचे, कुंड दिसो न दिसो. मामांचे उरलेले पैसे येत्या शनिवारी नेऊन देतोय. धबधबा दिसला तर बघू.