कडेवरून काय दिसते?

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्याबाहेरही पोचली आहे. त्या जालन्यात, 1725 सालच्या मस्तगडाशेजारी, उद्या तुमच्यापैकी कुणाला बालरुग्णालयाच्या भिंतींचे काम मिळाले, तर शुभंकर शोधायला लांब जायला नको. पाळणा म्हणीतच आहे. गढीतल्या जुन्या विहिरीला सज्जे आणि खोल्या आहेत, तिथला एखादा पारवा घ्या. चिऊताई मात्र नको. ती दार उघडत नाही, आणि ओपीडीबाहेर दोन तास ताटकळलेल्या आईला ती गोष्ट आठवून देण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात आपण पेंटरला मोबाइलवर मिकी नाहीतर डोरेमॉन दाखवून मोकळे होतो. (हक्कांचा प्रश्न आणखी वेगळा.)

शुभंकर गोड असून भागत नाही, त्याला काम लागते. रेल्वेच्या दीडशे वर्षांसाठी 2002 मध्ये अहमदाबादच्या एनआयडीने केलेला भोलू हत्ती हिरवा दिवा धरून उभा आहे. तो गार्ड आहे, हे सांगावे लागत नाही. रुग्णालयातली कसोटी याहून साधी. ‘बाह्यरुग्ण विभाग’ ही पाटी वाचण्याआधी लोक शिपायालाच विचारतात. ‘पारव्याच्या दारातून आत जा,’ असे त्याला सांगता आले, तर शुभंकर जमला.

आता जागेचे. गेल्या वर्षी एका जिल्ह्याच्या गावी बालरुग्ण विभागाबाहेर तासभर बसलो होतो. जमिनीपासून तीन फुटांवर, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, सशांची रांग रंगवलेली. सलाइन स्टँड घासून त्यांच्या पोटांवर ओरखडे, हायपोक्लोराइटने पुसून कान फिकट. त्यांच्याकडे बघणारे एकही मूल नव्हते. पायी आलेली मुले दोनच. बाकी सगळी आईच्या कडेवर, नाहीतर बापाच्या खांद्यावर मान टाकून, म्हणजे तोंड मागे. त्यांना दिसत होती दाराची आतली बाजू, ट्यूबलाइट आणि मागून येणाऱ्या बाईचा पदर. स्ट्रेचरवरच्या मुलाला तर नुसते छत.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात जेसन ब्रुजेस यांच्या स्टुडिओने 2012 मध्ये शस्त्रक्रियागृहाकडे नेणाऱ्या मार्गिकेच्या भिंतीत दिव्यांचे फलक बसवले. मूल जवळून जाऊ लागले की झाडीतून हरणे, पक्षी, बेडूक हलतात. फलक मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर आहेत, ट्रॉलीवर आडव्या पडलेल्या मुलालाही दिसावेत म्हणून. एवढा पैसा आपल्याकडे नसतो. पण दाराच्या आतल्या बाजूला, आईच्या खांद्याच्या उंचीवर, धुतला तरी टिकेल अशा ऑइलपेंटमध्ये एक पारवा काढायला कितीसा खर्च येतो?

पुढचे काम हाती घेण्यापूर्वी एवढे करा: मोबाइलचा कॅमेरा सुरू करून स्ट्रेचरवर आडवे व्हा आणि दारापासून वॉर्डापर्यंत कुणाला तरी ढकलायला सांगा. मग तोच कॅमेरा खांद्यावर, मागे तोंड करून धरा आणि पुन्हा तेवढेच अंतर चाला. पहिले रेखाटन त्यानंतर.